सहज सुचण्याजोगे

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार वगैरे शेवटी. फोनच करणार होते, पण फोनवर माझा आवाज चढला की तू "जरा शांत हो, मग बोलू" म्हणून ठेवून देतोस. कागद तसा ठेवून देता येत नाही. ठेवलास तरी टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

पेटंट कचेरीचा अहवाल आज आला. माझा अर्ज नामंजूर करायचा त्यांचा विचार आहे. माझा अर्ज चालवणाऱ्या एजंटबाई म्हणतात, अजून काही बिघडलेलं नाही, उत्तर द्यायला सहा महिने आहेत. त्यांचं काय जातं! कारण एका ओळीत दिलंय: "सदर शोध या क्षेत्रातील साधारण कुशल व्यक्तीस सहज सुचण्याजोगा आहे." सहज. चार वर्षं मी काच कापतेय, फोडतेय, पुन्हा कापतेय, आणि हे म्हणे सहज.

काय शोध लावला ते तू कधी नीट विचारलं नाहीस, म्हणून आता ऐक. आमचे हे क्रेनच्या केबिनमध्ये बसतात. समोर माल लोंबतोय आणि त्याचं वजन दाखवणारी तबकडी खाली गुडघ्यापाशी. दर वेळी मान खाली, मान वर. म्हणून मी खाली दिव्यांच्या ठिपक्यांची पाटी बसवली आणि डोळ्यांसमोर एक कलती काच. आकडा काचेत उमटतो, लोंबणाऱ्या मालाच्या शेजारी, हवेत लिहिल्यासारखा. इथवर नवं काही नाही, मलाही माहीत आहे. पण काचेला दोन अंगं असतात, त्यामुळे प्रत्येक आकडा दोनदा दिसतो, एक जरा वर सरकलेला. जगभर सगळे ती दुसरी प्रतिमा मारायच्या मागे आहेत. कुणी लेप देतो, कुणी काच एका बाजूला घासून निमुळती करतो. महागडे प्रकार, आणि केबिनमधल्या धुळीत लेप सहा महिनेही टिकत नाही.

मी ती मारली नाही. कामाला लावली. ठिपक्यांच्या दोन ओळींमध्ये काळी रिकामी पट्टी असते. चार मिलिमीटरची काच घेतली आणि ठिपके एकमेकांपासून सहा मिलिमीटरवर ठेवले, की दुसरी प्रतिमा बरोबर त्या काळ्या पट्टीत जाऊन बसते. आकडा भरीव दिसतो. मात्र काच पन्नास अंशांच्या आसपास कललेली हवी, म्हणजे माणसाने डोकं हलवलं तरी ती तिथून सरकत नाही. तो कोन सापडायलाच मला चौदा महिने लागले.

परीक्षकाने माझ्याविरुद्ध दोन कागद लावलेत. एक जुनं पेटंट, ट्रामच्या चालकासमोरच्या काचेचं. त्याचं काही नाही. दुसरा कागद म्हणजे तुमच्या संस्थेच्या नियतकालिकातला एकोणीस वर्षांपूर्वीचा लेख. पान नऊ: "या दुसऱ्या प्रतिमेचा अक्षरे ठळक करण्याकडे उपयोग करून घेणे कोणत्याही कुशल तंत्रज्ञास सहज करता येईल."

लेखक कोण ते तुला सांगायला नकोच.

मी तुझा लेख वाचला नव्हता. दुकानात काच कापणाऱ्या बाईच्या हातात तुमचं नियतकालिक कोण देणार? पण तू तर लिहिला होतास ना? दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानात स्टुलावर तीन तास बसलास, माझी काच पाहिलीस, दोनदा चहा घेतलास आणि "छान चाललंय" म्हणून निघून गेलास. "अगं, मी यावर लिहिलंय" एवढं म्हणायला काय झालं होतं?

एकच सांग. तू हे करून पाहिलं होतंस का? आणि केलं होतंस, तर कसं?

भिंगरी


१५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरीस,

खूप आशीर्वाद. पत्र मिळालं. तुझा संताप समजू शकतो, पण थोडं कायद्याच्या बाजूनेही पाहा.

परीक्षकाला एक काल्पनिक माणूस डोळ्यांपुढे आणावा लागतो. त्या विषयावर जगात छापून आलेलं सगळं त्या माणसाने वाचलेलं असतं, नेहमीची कामं त्याला सफाईने येतात, पण स्वतःची कल्पनाशक्ती मात्र त्याच्याकडे नसते. अशा माणसासमोर जुने कागद ठेवले, तर त्याला तुझ्या शोधापर्यंत आपोआप पोचता येईल का? येईल, असं परीक्षकाला वाटलं. यात तुझा अपमान नाही. एखादी गोष्ट सहज सुचण्याजोगी आहे म्हणजे ती निरुपयोगी आहे असं नव्हे. मेहुण्यांची मान दुखायची थांबली हे केवढं मोठं फळ आहे!

लेख फार जुना आहे. त्या काळात पुष्कळ लिहीत असे. कुठल्या ओळीमागे कोणता प्रयोग होता हे आता सांगता यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे आलो तेव्हा तो लेख डोक्यातही नव्हता.

माझा सल्ला विचारशील, तर अर्ज मागे घे. कचेऱ्यांशी भांडत बसण्यापेक्षा काच चांगली कर. इकडे संचालकपदासाठी माझं नाव पुढे आहे, मे महिन्यात निवड होईल. त्या गडबडीत आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझी वहिनी आठवण काढते.

तुझा,
दादा


२ मार्च

दादा,

तुझ्या त्या काल्पनिक माणसाला एकदा माझ्या दुकानात पाठव. मला त्याला बघायचंय. जगातलं सगळं वाचून बसलाय, हात सफाईने चालतात आणि डोक्यात स्वतःचं काही नाही. अरे, असला माणूस कामावर ठेवला तर दुपारपर्यंत मी त्याला हाकलून देईन! आणि माझ्या चार वर्षांची किंमत हा ठरवणार?

"मेहुण्यांची मान दुखायची थांबली." त्यांची मान बरी करायला मी अर्ज केला नव्हता. क्रेन बनवणारी एक बडी कंपनी गेल्या वर्षी केबिन बघायला आली होती. काचेचे फोटो काढले, कोन मोजला, "वा ताई, वा!" म्हणाले. आता त्यांच्या जाहिरातीत तशीच काच दिसते. पेटंट नसेल, तर मी फक्त त्यांना मोफत शिकवणारी बाई ठरते. म्हणून अर्ज केलाय. मागे घे म्हणे.

तुझ्या संस्थेच्या वाचनालयात गेले होते. दारावरच्या माणसाला सांगितलं, इथल्या प्राध्यापकांची बहीण आहे. त्याने आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग आत सोडलं. लेख अकरा पानांचा आहे. आकृत्या तीन. फोटो एकही नाही. मोजमापाचा तक्ताही नाही. काच सहा मिलिमीटरची, कोन तीस अंश. घरी आले आणि तू लिहिलंयस तसंच्या तसं उभं केलं. तशीच काच, तोच कोन.

नाही होत, दादा. नाकासमोर बघत पुतळ्यासारखं बसलं तरच आकडा जेमतेम वाचता येतो. हनुवटी दोन बोटं वर केली, की दुसरी प्रतिमा सरकते आणि तीनचा आठ दिसायला लागतो. मी यांना बसवलं, शेजारणीला बसवलं, स्वतः बसले. वीस वेळा केलं. तू लिहिलंस त्यावरून हे कुणालाही करता येणार नाही, कुशलाला नाही आणि अकुशलालाही नाही.

तू हे केलंच नव्हतंस. हो की नाही, एवढंच लिही. त्याला संचालक व्हावं लागत नाही.

अर्जदार


९ मार्च

भिंगरी,

दुकानातली खिडकीची काच आणि प्रयोगशाळेतली काच यांतला फरक तुला कळू नये याचं नवल वाटतं. माझ्या त्या लेखाचा आधार चाळीसहून अधिक संशोधकांनी घेतला आहे. त्यांपैकी एकानेही आजवर असा आरोप केला नाही.

बाबांनी मला शिकवलं आणि तुला दुकानात बसवलं, हे तू माझ्यावर किती वर्षं काढणार आहेस? तो निर्णय माझा नव्हता.

या विषयावर माझ्याकडून आणखी काही यायचं नाही.

दादा


१३ मार्च

दादा,

त्यांनी आरोप केला नाही, कारण एकानेही काच उभी करून पाहिली नाही. चाळीस जणांनी तुझी ओळ उतरवून घेतली, बस्स.

दुकानाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. तूच काढलंस. मला दुकान आवडतं. तुला खुपत असेल तर तुझं तू बघ.

हो की नाही याचं उत्तर अजून आलेलं नाही. यांची पाळी सकाळी सात ते तीन असते. केबिनमध्ये दोघांपुरती जागा आहे. तू ये, खुर्चीत बस, डोकं हवं तसं हलव. मग तिथूनच मला सांग की हे सहज होतं.

अर्जदार


२० एप्रिल

भिंगरी,

मी परवा येऊन गेलो. तू काच आणायला बाहेरगावी गेली आहेस असं मेहुण्यांकडून कळलं, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आलो होतो हे तुला सांगू नका, असं मीच त्यांना म्हटलं. त्यांनी शब्द पाळलेला दिसतो, म्हणून मीच लिहितो.

त्यांनी मला वर नेलं. ती शिडी मला झेपली नाही. दोनदा मध्येच थांबलो. ते खालून म्हणत होते, "दादा, खाली बघू नका, पायरी बघा." केबिनमध्ये त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराला टेकून उभे राहिले. मग खालच्या माणसाला खूण करून एक पेटारा उचलायला लावला. आकडा आला. दोन हजार एकशे चाळीस. समोर हवेत, पेटाऱ्याच्या बाजूला, अगदी भरीव. मी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, हनुवटी वर केली, पार खाली घसरून बसलो. आकडा फुटला नाही. मेहुणे म्हणाले, "सुरुवातीला मीपण असंच करून पाहिलं होतं."

मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. इतका, की मेहुण्यांशी धड बोललोही नाही. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, मला उंचीची भीती वाटतेय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मी ते केलं नव्हतं.

करायचा प्रयत्न केला होता. तीन वर्षं. ठिपक्यांमधल्या काळ्या पट्टीत दुसरी प्रतिमा बसवायची, हेच माझ्याही डोक्यात होतं. तीन वह्या भरल्या. काच तीस अंशांवर ठेवायची अशी आमच्याकडे पद्धत होती, जुन्या सगळ्या उपकरणांत तोच कोन असे. मी काचेची जाडी बदलली, ठिपके बदलले, दिवे बदलले. कोन कधी बदलला नाही. तो बदलता येतो हे माझ्या मनातच आलं नाही. पन्नासच्या आसपास सरकणं जवळजवळ थांबतं, हे गणितात चार ओळींत निघतं. परवा घरी येऊन मांडलं. चार ओळी, भिंगरी. ते चौदा महिन्यांत तुझ्या हातांनी शोधलं आणि तीन वर्षांत माझ्या डोक्याने शोधलं नाही.

बढतीच्या समितीपुढे काहीतरी छापून आलेलं ठेवायचं होतं. लेख चार दिवसांत लिहिला. ती ओळ लिहिताना वाटलं, जमेल कधीतरी, तोवर लिहून ठेवू.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहू नये असं वाटतं, म्हणूनच लिहितो. दोन वर्षांपूर्वी तुझ्या दुकानात आलो तेव्हा लेख मला आठवत होता. पूर्ण आठवत होता. तू त्या दिवशी काच तीस अंशांवरच लावली होतीस. ती पाहिली आणि वाटलं, हिलाही जमणार नाही. आणि मला बरं वाटलं.

दादा


२४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र काल आलं. काल मी उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते पाठवण्यासारखं झालं नसतं.

तीस अंशांवर मी आणखी अकरा महिने घालवले. तू गेल्यानंतरचे अकरा महिने. तू त्या स्टुलावर बसून "कोन बदल" म्हणाला नसतास, कारण ते तुलाही ठाऊक नव्हतं, ठीक आहे. पण "मी तीस अंशांवर तीन वर्षं घालवली आणि काही हाती लागलं नाही" एवढं म्हणाला असतास, तर मी दुसऱ्याच दिवशी काच उचलून दुसरीकडे कलती केली असती. तुला एक वाक्य बोलायचं होतं. तुला बरं वाटत होतं म्हणून तू बोलला नाहीस. हे मी विसरणार नाही, दादा. विसरायचा प्रयत्नही करणार नाही.

आता कामाचं. एजंटबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं (ती शेवटची गोष्ट सोडून. ती आपल्या घरातली आहे). त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, त्या विषयातला जाणकार माणूस, हाताशी सगळी साधनं, मनात तोच हेतू, तीन वर्षं धडपडतो आणि त्याला जमत नाही. मग ती गोष्ट सहज सुचण्याजोगी कशी? याहून मोठा पुरावा नाही. तू प्रतिज्ञापत्र द्यायचं. तीन वह्या जोडायच्या. आणि पान नऊवरची ओळ प्रयोग न करता लिहिली होती, हे स्पष्ट म्हणायचं.

निवड मे महिन्यात आहे हे मला माहीत आहे. उत्तराची मुदत ऑगस्टपर्यंत आहे, तेव्हा निवड झाल्यावर सही केलीस तरी चालेल, असंही एजंटबाई म्हणाल्या. ते मी तुला सांगितलं. निरोप पोचवायचं माझं काम होतं. माझं मत विचारू नकोस.

अर्जदार


१७ मे

प्रिय वन्सं,

हे पत्र मी माझ्या मनाने लिहितेय.

यांनी निवडीच्या आठ दिवस आधी सही केली. मी म्हटलं, "आठ दिवस थांबला असतात तर आभाळ कोसळलं असतं का?" म्हणाले, "मग ती पान नऊसारखी दुसरी ओळ झाली असती." प्रतिज्ञापत्राची प्रत स्वतः नेऊन समितीच्या हातात दिली. त्यांचं नाव यादीतून गेलं. नियतकालिकाने लेख मागे घेतल्याची सूचना छापायचं ठरवलंय. ज्यांनी हार तयार ठेवले होते ते आता समोरून येताना रस्ता ओलांडतात.

माझा तुमच्यावर राग आहे. तुम्ही खरं बोललात, तरी आहे. आणि यांच्यावर त्याहून जास्त आहे. त्या तीन वर्षांत हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे, मी ते सगळं सोसलं. मग लेख छापून आला, बढती मिळाली. मला वाटलं, चला, जमलं एकदाचं. एकोणीस वर्षं मी लोकांना अभिमानाने सांगत आले, की यांनी ते तेव्हाच करून ठेवलंय. मला कुणी सांगितलंच नाही की केलेलं नाही. तुम्हाला निदान पत्राने कळवलं. मला टाइप केलेल्या कागदावरून कळलं.

सुनावणीला हे जाणार आहेत. मी येणार नाही. तिथे काय झालं ते मला तुम्ही लिहा. हे सांगायचे नाहीत.

वहिनी


१२ ऑगस्ट

वहिनी,

तुम्ही म्हणालात म्हणून सगळं लिहिते. सुनावणी काल झाली.

लहानशी खोली, लांब टेबल, भिंतीला कपाटं. परीक्षक म्हणजे कुणी जाडजूड गृहस्थ असतील असं मी धरून चालले होते. निघाली एक बारीक अंगाची बाई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, चष्मा डोक्यावर चढवलेला. मी घरून निघताना चार शब्द पाठ करून गेले होते, तोंडावर फेकायला. पण त्या बाईने माझ्या अर्जाच्या समासात पेन्सिलीने इतकं लिहिलेलं होतं, की मला गप्प बसावं लागलं. कुणीही आजवर माझं काम इतकं नीट वाचलेलं नाही.

एजंटबाई बोलल्या, परीक्षकबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सगळा प्रश्न साधारण कुशल माणूस कोण धरायचा याचा आहे. काचेचा कारागीर धरला तर उत्तर एक येतं, संस्थेतला संशोधक धरला तर वेगळं येऊ शकतं. मी संशोधक धरला होता."

दादा उठून उभा राहिला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मग मला धरा," म्हणाला. "जेवढं छापलेलं होतं तेवढं मी वाचलं होतं. हाताशी सगळी यंत्रं होती. तीन वर्षं हेच करत होतो. मला सुचलं नाही. याहून साधारण कुशल माणूस तुम्हाला मिळायचा नाही."

कुणी हसलं नाही. परीक्षकबाईंनी वह्या उघडल्या, बराच वेळ पानं उलटली. मग विचारलं, "असं असताना 'सहज करता येईल' असं का लिहिलंत?"

"जमत नव्हतं म्हणून," दादा म्हणाला.

त्यांनी चष्मा खाली घेतला. म्हणाल्या, "वहीत ठिपक्यांमधल्या काळ्या पट्टीचा उल्लेख आहे, तो छापील लेखात नाही. अर्जातला पहिला दावा नेमका तोच आहे. यावर तुमचं बहिणीशी कधी बोलणं झालं होतं?"

"झालं असेल. सुट्टीत दुकानात गेलो की काहीबाही बोलत बसायचो. ती तेव्हा शाळेत होती. काय बोललो ते आठवत नाही."

मग मला विचारलं, तुम्हाला आठवतं का. मी नाही म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं आणि संपलं.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "चहा घेऊ या?" मी म्हटलं, मला दुकान उघडायचंय. एवढंच झालं. निकाल महिनाभरात येईल.

तुम्ही माझ्यावर रागावला आहात ते मला मान्य आहे. रागवा. तुम्हाला आधी मी सांगायला हवं होतं, त्या पत्रानंतर लगेच. माझ्या डोक्यातच आलं नाही, की तुम्हालाही माहीत नसेल.

तुमची नणंद


१८ सप्टेंबर

प्रिय भिंगरीस,

एजंटबाईंनी निकालाचा मसुदा मलाही दाखवला. दोन्ही दावे मान्य करायचं त्यांनी ठरवलंय. काळ्या पट्टीचा पहिला दावा आणि कोनाचा दुसरा. अभिनंदन. पहिला दावा फार मोलाचा आहे हे लक्षात घे. कोन बदलून तुझ्या पेटंटला वळसा घालता येईल; थोडी कमअस्सल काच होईल, पण ती कंपनी तेवढ्यावर भागवेल. काळ्या पट्टीला मात्र वळसा नाही. त्या एका दाव्याने कंपनीला तुझ्या दारात यावं लागेल.

मला यंदा पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रयोगशाळा दिली आहे. ज्यांना काही येत नाही अशी साठ मुलं. शिक्षा म्हणून दिली आहे, पण मला तिथे बरं वाटतं. घरी तुझी वहिनी आता बोलते. फार नाही, पण बोलते.

तुलाही तेच सुचलं होतं आणि मलाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. एकाच दुकानात वाढलो म्हणून असेल.

राग थोडा तरी कमी झाला का?

दादा


२६ सप्टेंबर

दादा,

नाही झाला. पण तो आता एकट्या तुझ्यावर राहिलेला नाही, म्हणून हे पत्र लिहायला आठ दिवस लागले.

मला तेच सुचलं नव्हतं.

तू सुट्टीत आला होतास. मी शाळेतून येऊन काचा पुसत होते. तू संस्थेतून आणलेल्या दिव्यांच्या पाटीसमोर काचेचा तुकडा धरलास आणि बाबांना म्हणालास, "ही दुसरी प्रतिमा या ठिपक्यांच्या मधल्या काळोखात बसवता आली पाहिजे." बाबा म्हणाले, "त्याने काय होईल?" तू म्हणालास, "काय होईल ते झाल्यावर कळेल." मी पुसायची थांबले होते, म्हणून बाबा मला ओरडले. मला तुझा शब्दन्‌शब्द आठवतो. हाताच्या कोणत्या बोटांत काच धरली होतीस तेही आठवतं.

तुझा लेख मी वाचला नव्हता, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खरं होतं. ऐकलं नव्हतं असं मी कुठेच लिहिलं नाही, बघ. किती जपून लिहिलंय. माझं मलाच कळलं नाही की मी इतकी जपून लिहितेय.

मग त्या बाईने सरळ विचारलं, "तुम्हाला आठवतं का?" आणि मी नाही म्हणाले. पटकन. श्वास घ्यायलाही थांबले नाही. तू नुकताच भरल्या खोलीत आपलं सगळं उघडं करून बसला होतास, आणि मी, जिने अडीच महिने तुझ्यामागे "हो की नाही" लावलं होतं, मी तुझ्या शेजारी बसून खोटं बोलले. तू चहाला विचारलंस तेव्हा तुझं तोंड बघवलं नाही. म्हणून दुकान उघडायचं निमित्त सांगितलं.

सोमवारी मी कचेरीत गेले. परीक्षकबाईंना भेटले आणि सांगितलं, मला आठवतं, तुम्ही विचारलंत तेव्हाही आठवत होतं. पहिला दावा माझा नाही, तो काढून टाका. त्यांनी विचारलं, "तुमच्या एजंटशी बोललात का?" म्हटलं, बोलले, त्या मला वेडी म्हणाल्या. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "लेखी द्या," म्हणाल्या. दिलं.

आता ती कंपनी कोन थोडा बदलून काच विकेल, तू म्हणतोस तसं. विकू दे. त्यांचा आकडा मान हलवली की फुटेल, आणि क्रेनवर बसणाऱ्या माणसांना ते दुसऱ्या दिवशी कळेल. नाही कळलं तर माझं नुकसान होईल. ते मी धरून चाललेय.

पन्नास अंश माझे आहेत. ते मला कुणी सांगितलेले नाहीत. पेटंटमध्ये आता तेवढंच आहे, एक दावा, सहा ओळी. कालच शिक्का मारलेला कागद आला. यांनी तो केबिनमध्ये लावू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नको, समोरचं दिसायचं बंद होईल.

तुला बरं वाटलं होतं, ते मी विसरलेले नाही. वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांना आधी वाचायला दे.

तुझी धाकटी